गॅमा किरणांनंतरची उष्णता : क्षारांच्या अपघटनाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये सहा पत्रे एकाच विषयाभोवतीची होती : धातूंच्या क्षारांवर गॅमा किरण किंवा तत्सम प्रारणांचा मारा झाला, तर पुढे ते तापवताना वेगळे का वागतात? हा विषय महाविद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांत जेमतेम एखाद्या परिच्छेदात उरकला जातो, आणि घन पदार्थ कसे तुटतात हे समजून घ्यायला तर यापेक्षा चांगली वाट मला ठाऊक नाही. म्हणून या महिन्याचे सदर पूर्णपणे या पत्रांना दिले आहे.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आम्ही पोटॅशिअम परमँगनेटच्या स्फटिकांना कोबाल्ट-६० च्या गॅमा कक्षात १० किलोग्रे इतकी मात्रा दिली. नंतर साधा नमुना आणि विकिरणित नमुना, दोन्ही २१५ अंश सेल्सिअसला तापवले. विकिरणित नमुन्यातून ऑक्सिजन बराच आधी बाहेर पडू लागला. माझ्या मैत्रिणीच्या मते गॅमा किरणांची उष्णता नमुन्यात साठून राहिली होती. मला वाटते, त्यातले सगळे रासायनिक बंध सैल झाले होते. कोणाचे बरोबर? (एक विद्यार्थिनी, संगमनेर)

उत्तर : निरीक्षण अचूक आहे, पण दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नाहीत, आणि ती का टिकत नाहीत हे साध्या हिशोबानेच कळते.

आधी उष्णतेचे पाहू. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅम पदार्थाने शोषलेली एक ज्यूल ऊर्जा. त्यामुळे १० किलोग्रे म्हणजे दर ग्रॅममागे १० ज्यूल. परमँगनेटचा एक ग्रॅम एका अंशाने तापवायला साधारण पाऊण ज्यूल लागतो, म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन नमुन्यातच अडकून राहिली असती, तरी त्याचे तापमान तेरा-चौदा अंशांनी वाढले असते. प्रत्यक्षात ही मात्रा काही तासांत मिळते आणि उष्णता तेवढ्या वेळात निघूनही जाते. कक्षातून काढलेली बाटली हाताला फार तर कोमट लागेल. दुसऱ्या दिवशी भट्टीत ठेवताना त्या उष्णतेचा मागमूसही उरलेला नसतो.

आता ‘सगळे बंध सैल झाले’ या कल्पनेकडे वळू. दहा किलोग्रे मात्रेत प्रत्यक्ष तुटणाऱ्या आयनांचे, म्हणजे क्षार ज्यांचा बनतो त्या विद्युतभारित कणांचे, प्रमाण फारच थोडे असते. पुढे पोटॅशिअम नायट्रेटचा हिशोब दिला आहे, त्यात ते साधारण ६,३०० मध्ये एक इतके येते. उरलेले सगळे आयन होते तसेच राहतात. मग एवढ्या थोड्या आयनांमुळे सगळ्या स्फटिकाचे वेळापत्रक कसे बदलते, हा आपल्या पत्रातला खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर स्फटिक मुळात कसा तुटतो यात आहे. द्रावणातल्या अभिक्रियेत प्रत्येक रेणूला जवळपास सारखी संधी असते. स्फटिकात तसे नसते. पोटॅशिअम परमँगनेट २०० ते २२५ अंशांच्या दरम्यान एका स्थिर तापमानाला ठेवले, तर सुरुवातीचा बराच वेळ जवळजवळ काहीच घडत नाही. नंतर ऑक्सिजन निघू लागतो, वेग वाढत जातो, अर्ध्याच्या आसपास तो सर्वाधिक होतो आणि मग ओसरतो. अपघटित झालेला अंश आणि वेळ यांचा आलेख काढला, तर तो इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. सुरुवातीच्या शांत टप्प्याला आपण सुप्तकाळ म्हणू. या काळात स्फटिकाच्या काही मोजक्या जागी, म्हणजे कडांवर, भेगांपाशी किंवा जालकात (आयनांच्या नियमित मांडणीत) जिथे आयनांची रांग चुकली आहे अशा ठिकाणी, विघटित पदार्थाचे अतिसूक्ष्म कण तयार होत असतात. त्यांना बीजकेंद्रे म्हणता येईल. बीजकेंद्र एकदा पुरेसे मोठे झाले की त्याच्या सीमेवरचे शेजारी आयन दूरच्या आयनांपेक्षा सहज तुटतात, कारण तिथे जालक ताणलेले असते आणि तयार झालेले मँगनीजचे ऑक्साइड अभिक्रियेला मदत करते. १९४४ मध्ये प्राउट आणि टॉम्पकिन्स यांनी परमँगनेटच्या अपघटनाचा अभ्यास करताना असे मांडले की, तयार झालेल्या पदार्थामुळे स्फटिकात ताण येतो, त्यातून भेगा फुटतात, भेगांतून नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि तिथे पुन्हा नवी केंद्रे जन्माला येतात. अशी ही साखळी फांद्या फुटत पसरते. घन पदार्थांच्या अपघटनाचे त्यांचे समीकरण आजही शिकवले जाते ते याच कामातून आले आहे.

गॅमा किरण नेमके या सुप्तकाळाला हात घालतात. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या फोटॉनांची, म्हणजे गॅमा किरणांच्या ऊर्जाकणांची, ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर रासायनिक बंधाची ऊर्जा काही थोड्या इलेक्ट्रॉनव्होल्टची. फोटॉन स्वतः क्वचितच एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, पण आदळला की तो इलेक्ट्रॉन मोठ्या वेगाने सुटतो आणि आपल्या वाटेवर हजारो आयनांमधून इलेक्ट्रॉन उपटत जातो. त्यातले बहुतेक इलेक्ट्रॉन लगेच आपल्या जागी परततात. काही मात्र जालकाच्या रिकाम्या जागांत अडकून पडतात, काही परमँगनेट आयनांचा एखादा ऑक्सिजन निसटतो आणि काही आयन आपल्या जागेवरून सरकतात. निसटलेल्या ऑक्सिजनामागे जे उरते, ते रासायनिकदृष्ट्या उष्णतेने होणाऱ्या अपघटनातल्या पदार्थांच्या जवळचे असते. उष्णतेला सुप्तकाळात जे काम सावकाश करावे लागले असते, त्याचा पहिला भाग गॅमा किरणांनी सामान्य तापमानालाच उरकलेला असतो.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरातला दाखला द्यायचा तर दूध आणि विरजण यांचा देता येईल. दूध तसेच ठेवले तरी कधीतरी नासतेच. चमचाभर विरजण लावले, तर रात्रीत दही होते. पातेलेभर दुधाच्या मानाने विरजण किती, याला महत्त्व नसते. सुरुवात तयार मिळाली, याला असते. मात्र हा दाखला इथेच थांबवावा लागतो, कारण विरजण आपण वरून घालतो, तर गॅमा किरण स्फटिकाच्या स्वतःच्या आयनांतूनच सुरुवात घडवतात आणि तीही कणाच्या पृष्ठभागावर नव्हे, तर आतपर्यंत सगळीकडे. कोबाल्टचे गॅमा किरण पाण्यातसुद्धा निम्मे व्हायला सुमारे ११ सेंटिमीटर जाडी लागते. आपल्या एक-दोन ग्रॅमच्या नमुन्यातला प्रत्येक दाणा त्यामुळे आरपार सारखाच विकिरणित होतो. हाच नमुना अतिनील प्रकाशात ठेवला असता, तर परिणाम वरच्या पातळ थरापुरता राहिला असता.

हा शोध नवा नाही. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये गार्नर आणि मून यांनी बेरिअम अझाइड या क्षारावर रेडिअमच्या प्रारणांचा मारा केला आणि त्याचा सुप्तकाळ घटतो असे दाखवले. पुढे १९५० च्या दशकात प्राउट यांनीच विकिरणित परमँगनेट तपासले आणि मात्रा वाढवत नेली की सुप्तकाळ कमी-कमी होत जातो, हे नोंदवले. त्याहीआधी, १८९६ मध्ये, फ्रेंच शास्त्रज्ञ बेकेरेल यांच्या काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेवर युरेनिअमच्या क्षाराने डाग पाडला, तेव्हा घडले ते याच जातीचे होते. काचेवरच्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या दाण्यात चांदीचे मोजके अणू सुटे झाले होते, डोळ्यांना न दिसणारे. विकासकाच्या द्रावणात बुडवल्यावर त्या अणूंपासून सुरुवात होऊन पूर्ण दाणा काळा पडला. आपल्या प्रयोगात विकासकाचे काम भट्टी करते.

प्रश्न : लासलगावच्या केंद्रात कांद्याला गॅमा किरण देतात. त्या खोलीत मिठाची किंवा खताची गोणी राहिली, तर ती किरणोत्सारी होईल का? आणि पुढे ती तापवली तर धोका आहे का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : गोणी किरणोत्सारी होणार नाही. पदार्थ किरणोत्सारी व्हायचा तर अणूच्या केंद्रकात बदल व्हावा लागतो. गॅमा किरणांनी केंद्रकातून न्यूट्रॉन उपटायचा, तर सर्वांत सोप्या बेरिलिअमच्या बाबतीतही सुमारे १.६७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि जड हायड्रोजनसाठी २.२२. कोबाल्ट-६० चे किरण १.३३ वर संपतात. जो बदल होतो, तो इलेक्ट्रॉनांच्या आणि आयनांच्या मांडणीतला असतो.

मात्रेचाही विचार करावा लागतो. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून दिली जाणारी मात्रा १०० ग्रेच्या आतबाहेर असते, म्हणजे पहिल्या पत्रातल्या परमँगनेटला मिळालेल्या मात्रेच्या शंभराव्या भागाएवढी. कोंबाच्या जिवंत पेशीत गुणसूत्रांना झालेली थोडी इजाही पेशीविभाजन थांबवायला पुरते, म्हणून कांद्यावर एवढ्याने परिणाम होतो. मिठाच्या स्फटिकाला एवढ्याने काही फरक पडत नाही. त्याला अनेक किलोग्रे मात्रा दिली, तर मात्र तो पिवळसर-तपकिरी होतो, कारण क्लोराइडच्या रिकाम्या जागी अडकलेले इलेक्ट्रॉन प्रकाश शोषू लागतात. हे रंगीत मीठ अंधारात तापवले तर मंद उजेड देत पुन्हा पांढरे होते, आणि तेवढ्यावर गोष्ट संपते. मीठ विघटित होत नाही.

अणुभट्टीत ठेवलेल्या क्षाराची गोष्ट मात्र सर्वस्वी निराळी असते, आणि ती इथे सांगायलाच हवी, कारण ‘विकिरणित’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो. अणुभट्टीतले न्यूट्रॉन मँगनीजच्या केंद्रकात शिरतात आणि सुमारे अडीच तासांच्या अर्धायुष्याचे मँगनीज-५६ तयार होते. पोटॅशिअमपासून साडेबारा तासांच्या आसपास अर्धायुष्य असलेले पोटॅशिअम-४२ होते. असे परमँगनेट खरोखरच किरणोत्सारी असते. न्यूट्रॉन गिळताच केंद्रक गॅमा किरण बाहेर टाकते आणि त्या धक्क्याने मँगनीजचा अणू आपल्या चार ऑक्सिजनांच्या पिंजऱ्यातून बाहेर फेकला जातो. झिलार्ड आणि चाल्मर्स यांनी १९३४ मध्ये आयोडिनच्या एका सेंद्रिय संयुगात ही युक्ती प्रथम वापरली, आणि पुढे ती परमँगनेटलाही लागू पडली. स्फटिक पाण्यात विरघळवला की फेकले गेलेले बरेचसे किरणोत्सारी मँगनीज डायऑक्साइडच्या रूपात गाळणीवर वेगळे मिळते. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे : विरघळवण्याआधी स्फटिक थोडा तापवला, तर त्यातले काही अणू पुन्हा परमँगनेट आयनांत सामावले जातात. म्हणजे उष्णता स्फटिक तोडते तशी मोडलेले सांधूही शकते. पुढच्या उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल.

प्रश्न : विकिरणाने सगळेच क्षार लवकर विघटतात का? वर्गात विद्यार्थ्यांनी विचारले आणि मला ठाम उत्तर देता आले नाही. (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : ठाम उत्तर दिले नाही, हे योग्यच झाले, कारण उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यामागची कारणे क्षारागणिक बदलतात.

नायट्रेट क्षारांपासून सुरुवात करू. गॅमा किरणांनी नायट्रेट आयनाचा एक ऑक्सिजन सुटतो आणि नायट्राइट उरते. शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉनव्होल्टमागे किती नायट्राइट आयन तयार होतात, हे मोजले गेले आहे. पोटॅशिअम नायट्रेटमध्ये हा आकडा दीडच्या आसपास येतो, तर सोडिअम नायट्रेटमध्ये फक्त ०.२ च्या आसपास. मात्रा तीच, ऋण आयन तोच, तरी सातपटीचा फरक. याचे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असे की, सुटलेल्या ऑक्सिजनाला सरकायला जागा लागते. सोडिअम नायट्रेटचा स्फटिक दाटीवाटीने रचलेला असतो, त्यामुळे ऑक्सिजन जिथे सुटला तिथेच घुटमळतो आणि बहुतेक वेळा परत नायट्राइटला जोडला जातो. पोटॅशिअम आयन मोठा असल्याने त्याच्या जालकात मोकळी जागा अधिक असते आणि सुटलेला ऑक्सिजन दूर जाऊ शकतो.

पोटॅशिअम नायट्रेटच्या आकड्यावरून पहिल्या उत्तरातला हिशोब करून पाहता येतो. दहा किलोग्रे मात्रेत दर ग्रॅममागे सुमारे ६.२४ गुणिले दहाचा एकोणिसावा घात इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट शोषले जातात. दर शंभरास दीड या हिशोबाने त्यातून सुमारे ९.४ गुणिले दहाचा सतरावा घात इतके नायट्राइट आयन होतात. एका ग्रॅममध्ये मुळात सुमारे ५.९६ गुणिले दहाचा एकविसावा घात इतके नायट्रेट आयन असतात. भागाकार केला की सुमारे ६,३०० मध्ये एक हे प्रमाण मिळते. हा हिशोब फळ्यावर करून दाखवण्याजोगा आहे, कारण ‘मोठी ऊर्जा’ आणि ‘मोठा बदल’ या दोन गोष्टी विद्यार्थी नेहमी एक समजतात.

मग तापवताना काय होते? परमँगनेट घन असतानाच विघटते, म्हणून जालकातला प्रत्येक दोष त्याच्या बाबतीत मोलाचा ठरतो. सोडिअम नायट्रेट सुमारे ३०७ अंशांना आणि पोटॅशिअम नायट्रेट सुमारे ३३४ अंशांना वितळते, तर त्यांचे अपघटन वितळल्यानंतर, बऱ्याच वरच्या तापमानाला जोर धरते. स्फटिक वितळला की अडकलेले इलेक्ट्रॉन, सरकलेले आयन, ताणलेल्या रांगा हे सगळे पुसले जाते. द्रवाला जालक नसते, म्हणून त्याच्याजवळ त्याची आठवणही राहत नाही. टिकते ते फक्त रासायनिक उत्पादन, म्हणजे नायट्राइट. तेही वाटेत परत जुळले नसेल तर. पोटॅशिअम नायट्रेटची स्फटिकरचना सुमारे १३० अंशांना बदलते. त्या वेळी सगळे जालक ढवळून निघते आणि विलग झालेल्या तुकड्यांना पुन्हा एकत्र येण्याची संधी मिळते. म्हणून विकिरणित नायट्रेटचा आणि साध्या नायट्रेटचा वरच्या तापमानाचा आलेख जवळजवळ एकावर एक बसला, तर विद्यार्थ्यांनी प्रयोग फसला असे मानू नये.

ब्रोमेट क्षारांत आणखी एक गुंतागुंत असते. किरणांमुळे थोडे ब्रोमाइड तयार होते आणि ते उरलेल्या ब्रोमेटशी मिसळून मिश्रणाचा वितळणबिंदू खाली आणते. त्यामुळे दाण्याच्या आत जागोजागी द्रवाचे सूक्ष्म थेंब आधीच तयार होतात आणि द्रवात अपघटन अधिक वेगाने चालते. केरळमधील कालिकत विद्यापीठात विकिरणित ब्रोमेट आणि नायट्रेट क्षारांवर बरेच काम झाले आहे. या विषयावर महाविद्यालयात प्रकल्प घ्यायचा असेल, तर भारतीय संशोधनपत्रांपासून सुरुवात करावी, असे मी आवर्जून सुचवेन.

आणि चुनखडी? कॅल्शिअम कार्बोनेटच्या भुकटीत अभिक्रिया बहुधा सगळ्याच पृष्ठभागांवर एकदम सुरू होते आणि पुढचा वेग उष्णता आत पोहोचणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जाणे यांवर अवलंबून राहतो. जिथे सुरुवातीची अडचणच नाही, तिथे सुरुवात सोपी करून देणाऱ्या किरणांना फारसे काम उरत नाही.

प्रश्न : विकिरणानंतर अपघटनाचा वेग तिप्पट झाला. आमच्या शोधनिबंधात ‘गॅमा किरणांमुळे सक्रियण ऊर्जा कमी झाली’ असे लिहिले तर चालेल का? (एक संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : निव्वळ वेगावरून असे लिहू नये. अपघटनाचा वेग दोन गोष्टींनी ठरतो. एक म्हणजे ओलांडायचा उंबरठा, अर्थात सक्रियण ऊर्जा. दुसरी म्हणजे तो ओलांडायला उभ्या असलेल्या जागा किती, हे सांगणारा गुणांक. किरणांनी बीजकेंद्रांची संख्या वाढवली, तर उंबरठा तसाच राहून गुणांक वाढतो. २१५ अंशांच्या, म्हणजे ४८८ केल्व्हिनच्या, आसपास मोलमागे ५ किलोज्यूलने सक्रियण ऊर्जा घटली, तर वेग जवळपास ३.४ पट होतो. तितक्याच पटीने केंद्रे वाढली, तरी तोच वेग मिळतो. आणि बहुतेक महाविद्यालयीन प्रयोगशाळांत घन पदार्थाच्या सक्रियण ऊर्जेतली अनिश्चितता या ५ किलोज्यूलहून कमी नसते. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. दाण्याचा आकार, भुकटीची जाडी, वायूचा प्रवाह यांनी ती अनिश्चितता येतेच.

निदान चार-पाच स्थिर तापमानांना दोन्ही नमुने तपासा, आणि तुलना अपघटनाच्या सारख्याच अंशावर करा, उदाहरणार्थ दोन्ही नमुने २० टक्के विघटले असताना. सुप्तकाळ आणि नंतरचा वाढता टप्पा यांची ऊर्जा वेगवेगळी काढा. परमँगनेटसारख्या क्षारात सुप्तकाळ खूप बदललेला आणि नंतरच्या टप्प्याची ऊर्जा जवळपास तशीच, असे चित्र दिसण्याचा संभव मोठा आहे. एकाच तापवेगाने घेतलेल्या एका आलेखातून काढलेली सक्रियण ऊर्जा दोन दशांशांपर्यंत छापण्याची प्रथा मला मनापासून खटकते. त्यातून वाचकाला अचूकतेचा भास होतो आणि कष्टाने केलेल्या चांगल्या प्रयोगाची किंमत कमी होते.

प्रश्न : या सगळ्याचा उद्योगात काही उपयोग आहे का, की हे प्रयोगशाळेपुरतेच आहे? (एक निवृत्त अभियंता, ठाणे)

उत्तर : अणुउद्योगात तर हा रोजचा प्रश्न आहे, कारण तिथे क्षार स्वतःवरच मारा करत असतात. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनिअम वेगळे करताना ते द्रावणातून ऑक्झॅलेट या क्षाराच्या रूपात खाली बसवले जाते आणि ते ऑक्झॅलेट तापवून ऑक्साइड केले जाते. आपल्याकडे तुर्भ्याला प्लुटोनिअम वेगळे करणारा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला. प्लुटोनिअममधून सुटणारे अल्फा कण घन पदार्थात मिलिमीटरच्या काही शतांशांतच थांबतात, म्हणजे त्यांची सगळी ऊर्जा त्याच क्षारात मुरते. प्लुटोनिअम-२३९ च्या एका ग्रॅममधून सुमारे १.९ मिलिवॉट ऊर्जा निघते. सहा रेणू पाणी धरून असलेल्या ऑक्झॅलेटमध्ये धातूचे वजन निम्म्याहून थोडे कमी असते. त्यावरून हिशोब केला, तर संगमनेरच्या विद्यार्थिनीच्या नमुन्याला गॅमा कक्षात मिळालेली १० किलोग्रेची मात्रा हा क्षार नुसता डब्यात बसून साधारण सव्वातीन तासांत स्वतःला देतो. प्लुटोनिअम-२३८ असेल, ज्याचे अर्धायुष्य ८७.७ वर्षे आहे, तर पाऊण मिनिटही लागत नाही. त्यामुळे महिनोन्महिने साठवलेल्या ऑक्झॅलेटमध्ये ऑक्झॅलेटचा काही भाग आधीच मोडलेला असतो, वायू साचलेला असतो, आणि ते ताज्या ऑक्झॅलेटप्रमाणे तापत नाही. भट्टीचे वेळापत्रक आणि डब्याची झडप या दोन्ही गोष्टी ठरवताना हे लक्षात घ्यावेच लागते.

याउलट, विघटन न होता किरणांची आठवण तेवढी वाचायची, असाही उपयोग आहे. देशातल्या क्ष-किरण विभागांत आणि अणुकेंद्रांत काम करणाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यात डिस्प्रोसिअम हे मूलद्रव्य मिसळलेल्या कॅल्शिअम सल्फेटच्या चकत्या असतात. ठरलेल्या काळानंतर त्या तापवतात आणि निघालेल्या उजेडावरून त्या व्यक्तीला किती मात्रा मिळाली ते मोजतात.

प्रश्न : सिल्व्हर ऑक्झॅलेट कमी तापमानाला विघटते असे वाचले. परमँगनेटऐवजी ते किंवा अझाइड वापरून विकिरणाचा प्रयोग करता येईल का? आणि विकिरणित नमुना किती दिवस ठेवला तर चालतो? (एक प्रयोगशाळा सहायक, सातारा)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘करू नका’ असे आहे. सिल्व्हर ऑक्झॅलेट तापवल्यावर स्फोट होऊ शकतो, आणि अझाइड क्षार त्याहून भरवशाचे नाहीत. विकिरणाने त्यांचा सुप्तकाळ घटतो, म्हणजे आपण ज्या शांत वेळेवर विसंबून भट्टीजवळ उभे असतो, तीच वेळ कमी होते. परमँगनेटसुद्धा एका वेळी अर्ध्या ग्रॅमच्या आतच, सेंद्रिय धूळ, कागदाचे कपटे किंवा ग्लिसरीन आसपास नसताना तापवावे.

दुसऱ्या भागाचे उत्तर क्षारावर आणि साठवणीवर अवलंबून आहे. उथळ जागी अडकलेले इलेक्ट्रॉन सामान्य तापमानालाही काही तासांत सुटतात. खोल अडकलेले महिनोन्महिने टिकू शकतात. म्हणून विकिरण आणि तापवणे यांच्यात किती दिवस गेले, हे वहीत लिहून ठेवणे मात्रा लिहिण्याइतकेच आवश्यक आहे. नमुने अंधारात आणि कोरड्या जागी ठेवावेत. काचेची कुपी गॅमा किरणांनी तपकिरी होते, त्याने घाबरून जाऊ नये. साधा नमुना त्याच बाटलीतला, त्याच दिवशी चाळलेला आणि तितकेच दिवस ठेवलेला असावा. खलबत्त्यात घोटण्यानेही स्फटिकात दोष निर्माण होतात, आणि विकिरणित नमुना तेवढा घोटून साधा तसाच वापरला, तर काय मोजले गेले ते कोणालाही सांगता येणार नाही.

सुप्तकाळ घटला तो जालकातल्या दोषांमुळे की तयार झालेल्या रासायनिक पदार्थामुळे, हे शोधायची एक स्वस्त पद्धत आहे. विकिरणित परमँगनेटचे तीन भाग करा. एक तसाच तापवा. दुसरा आधी १२० अंशांना दोन तास ठेवून, मग २१५ अंशांना न्या. प्रयोगशाळेत याला ॲनीलिंग म्हणतात. त्यात भरून येण्याजोगे दोष भरून येतात. तिसरा भाग ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून, काचलोकरीतून गाळून, पुन्हा स्फटिक करून वाळवा. कागदी गाळणी वापरू नका, कारण परमँगनेट कागदाशी अभिक्रिया करते आणि नवे मँगनीज डायऑक्साइड आत येते. या तिसऱ्या भागाचा सुप्तकाळ साध्या नमुन्याच्या सुप्तकाळाशी जुळायला हवा, पण तो साधा नमुनाही याच पद्धतीने विरघळवून पुन्हा स्फटिक केलेला असावा. दुसरा भाग या दोन टोकांच्या मध्ये कुठे पडतो, त्यावरून किती परिणाम भरून येणारा होता आणि किती कायमचा, याचा अंदाज बांधता येतो.